वरच्या मजल्यावरचा फोन

रात्री दोन चाळीसला कंट्रोल रूममधला इंटरकॉम वाजला. माझ्यासमोरच्या पॅनलवर बॉयलरच्या ड्रमची लेव्हल ५२ टक्के होती, म्हणजे पाणी जिथं असायला हवं तिथंच. वरून हेल्पर बोलत होता.

"साहेब, दोन्ही ग्लास लाल झाल्यात."

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी तेव्हा शिफ्ट इंजिनिअर होतो. कारखान्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा, गाळप ऐन भरात. केन यार्डात बैलगाड्या, अंगद गाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या मिळून तीनेकशे वाहनं उभी होती.

ज्यांनी बॉयलर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उसाचा रस काढून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, हेच आमचं जळण. त्यात निम्मं पाणीच असतं, तरी टनभर बगॅस जाळला की दोन-सव्वादोन टन वाफ निघते. त्या वाफेवर मिल चालते, टर्बाइन फिरतो, रस आटतो. पाण्यातून वाफ सुटी होते ती ड्रममध्ये, आणि ड्रम सगळ्यात वर, शंभरावर पायऱ्या चढून गेल्यावर. त्याच्या दोन्ही टोकांना काचेचे गेज बसवलेले असतात. पाणी असेल तिथं काच हिरवी दिसते, वाफ असेल तिथं लाल. आमच्या ४५ किलो प्रेशरच्या बॉयलरात पाणी अडीचशे अंशांच्या वर तापलेलं असायचं. ड्रम कोरडा पडला तर नळ्या फुगतात, फाटतात. आणि अशा तापलेल्या नळ्यांवर कुणी घाबरून पाणी सोडलं, तर त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि मग आसपासच्या माणसांचं काही खरं नसतं. म्हणून या धंद्यात पहिल्या वर्षीच घोकून घेतात: ग्लासात पाणी दिसेनासं झालं की पाणी द्यायचं नाही, आग काढायची.

तर पॅनल म्हणतं ५२, आणि वरचा पोरगा म्हणतो दोन्ही ग्लास लाल. एकीकडे लाखो रुपयांचं यंत्र, दुसरीकडे दहावी झालेला हंगामी हेल्पर, कारखाना बंद झाला की घरी जाणारा.

माझ्या तोंडून निघालं, "पॅनलला बावन्न आहे. परत बघ."

"परत बघितलं, साहेब. ड्रेन मारून बघितलं. पाणी वर येईना."

ड्रेन मारणं म्हणजे गेजचा खालचा कॉक उघडून काचेतलं पाणी सोडून द्यायचं आणि कॉक बंद करायचा. ड्रममध्ये पाणी असेल तर ते लगेच काचेत परत चढतं. इथं चढत नव्हतं.

शेजारी बसलेल्या फायरमन मामांनी ड्रमला पाणी देणारा फीड व्हॉल्व्ह मॅन्युअलला घ्यायला हात घातला. तीस वर्षांची नोकरी, पण घाबरलेल्या माणसाचा हात पाण्याकडंच जातो. "मामा, पाणी नको!" मी ओरडलो आणि बगॅसचे फीडर बंद केले, आगीला हवा देणारा एफ.डी. फॅन बंद केला, मिलला स्टॉपचा भोंगा दिला. एवढा मोठा कारखाना थांबतो तेव्हा आवाज जातो तो कानाला नाही, पायाला कळतो. जमिनीची थरथर थांबते.

लॉगबुकात फोन आणि भोंगा यांच्यात एक मिनिट आहे. ते एक मिनिट नोव्हेंबरातच तयार झालं होतं.

त्याआधी मी दुसऱ्या एका कारखान्यात होतो. तिथं एकदा बेअरिंग तापल्याच्या संशयावरून मी मिल थांबवली होती. उघडून बघितलं तर काही नव्हतं. तासाला दोनशे टन ऊस गाळणारा कारखाना अर्धा तास थांबला, आणि पुढं आठ दिवस मला प्रत्येक मीटिंगमध्ये त्या अर्ध्या तासाचा हिशेब विचारला गेला, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर तिथं माझा हात बटणाकडं कधी वेळेवर गेला नाही. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

या कारखान्यात आल्यावर, मोळी पडून गाळप सुरू झाल्याचा चौथाच दिवस होता. रात्री याच हेल्परचा फोन आला, "ग्लासात हिरवं दिसंना." मी आग काढली, मिल थांबवली, धावत वर गेलो. गेजच्या मागचा दिवा गेला होता. पाणी होतं तिथंच होतं. चाळीस मिनिटं गाळप थांबलं. मी त्या पोराला खाली आणून सगळ्यांसमोर झाडला. इतका, की त्याचा शेजारचा कामगार माझ्याकडं बघेना.

सकाळी चीफ इंजिनिअर आले. आमचे चीफसाहेब आयटीआय करून फिटर म्हणून लागलेले, परीक्षा देत देत वर आलेले. मी त्यांच्या उलट, १९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली त्या वाटेनं डिग्री घेऊन आलेला. गुडघा दुखत असताना ते सगळ्या पायऱ्या चढून वर गेले, खाली आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यानं खोटं सांगितलं का?"

"नाही साहेब, पण दिवा..."

"जे दिसलं ते सांगितलं. दिवे तपासायचे कुणी?"

मीच तपासायचे होते.

त्यांनी त्या दिवशी केलं ते एवढंच: गेजचे दोन जादा दिवे वर ठेवायला लावले. हेल्परला स्वतः शेजारी उभं राहून ड्रेन मारायला शिकवलं, चार-पाच वेळा त्याच्याकडून करून घेतलं, म्हणजे पुढच्या वेळी शंका आली तर त्याची त्याला खात्री करता येईल. आणि मला एक अख्खी शिफ्ट वर बसवलं. आठ तास. त्या धगीत डोळ्यांसमोर हिरवं-लाल नाचायला लागतं. खाली फोन करायचा म्हटलं तर चारदा विचार करावा लागतो, कारण खाली एसीत बसलेला साहेब काय म्हणेल हे माहीत नसतं. तो साहेब मी होतो.

तिथून पुढं चीफसाहेब राउंडला आले की आधी वर जायचे आणि हेल्परला विचारायचे, "काय दिसतंय?" मग खाली येऊन मला विचारायचे.

जानेवारीतल्या त्या रात्री पोरानं कुणी सांगायच्या आधीच ड्रेन मारला तो याच्यामुळं. आणि माझा हात बटणावर गेला तोही याच्यामुळंच. उद्या दिव्यासारखंच काही फुटकळ निघालं तरी मला कुणी फाडून खाणार नाही, हे माझ्या हाताला माहीत होतं. चीफसाहेब त्या वेळी कॉलनीत झोपलेले होते.

ते दहा मिनिटांत आले. स्वेटर, पायात चप्पल. पहिला प्रश्न, "वरचा पोरगा खाली आला का?" तो आलेला बघितला, मग बाकीचं ऐकलं. बॉयलर आपोआप थंड होऊ द्यायचा, कुणी घाई करून दारं उघडायची नाहीत, एवढं सांगितलं आणि पॅनलसमोर बसून ट्रेंड मागं नेला. बारा वाजल्यापासून लेव्हलची रेघ सरळ होती. चालू ड्रमची रेघ कधी सरळ नसते, ती सारखी थरथरत असते. लेव्हल मोजून पॅनलला आकडा पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची बारीक नळी गाळानं तुंबली होती आणि आकडा ५२ वर गोठला होता. अडीच तास ती मेलेली रेघ माझ्यासमोर होती आणि मी ती बघून निश्चिंत होतो. लेव्हल कमी झाल्यावर बॉयलर आपोआप बंद करणारा ट्रिपही त्याच ट्रान्समीटरवर होता, त्यामुळं तोही गप्प बसलेला.

पण पाणी गेलं कुठं? शिफ्टच्या सुरुवातीला गाळ काढायला ब्लोडाउन देतात, म्हणजे बॉयलरातलं थोडं पाणी बाहेर सोडतात, त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बसला नव्हता. थोडं थोडं पाणी तिथून जात राहिलं.

तो व्हॉल्व्ह मामांनी बंद केलेला. कंट्रोल रूममध्ये सगळे गप्प झाले. साहेबांनी विचारलं, "मामा, व्हॉल्व्ह आधीपासून नीट बसत नव्हता का?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठ दिस झालं. दोन पिळं जास्त द्याय लागत्यात."

"मग सांगितलं का नाही?"

"हंगामात बारकंसारकं सांगितलं की म्हणत्यात, मामा म्हातारा झाला. हातात जोर न्हाई ऱ्हायला."

मला वाटलं, आता मामांचं काही खरं नाही. साहेबांनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला. "पोराला मी रोज विचारतोय," ते म्हणाले. "तुम्हाला कधी विचारलंच नाही, मामा. तुम्हाला सगळं ठाऊक असतं म्हणून." रिपोर्टात त्यांनी तेच लिहिलं: व्हॉल्व्हची तक्रार माझ्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था मी ठेवली नव्हती.

सकाळी आठच्या मीटिंगला जबाबदार माणसाचं एक नाव मागितलं गेलं, त्यांनी स्वतःचं दिलं. पुढं त्यांना मेमो मिळाला. आम्हाला ते शिपायाकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

पण मला त्या दिवसातली सगळ्यात जास्त आठवण राहिली ती यार्डातली.

आमच्या भागात नेता म्हटलं की माणसांच्या डोळ्यांपुढं स्टेज येतं, फलक येतात. तशी मोठी नावंही या मातीत आहेत. २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह तट ओलांडून पळताना गोळी झेललेले वसंतदादा पुढं १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. सहकारी कारखानदारी उभी राहिली ती अशा माणसांच्या शब्दावर शेतकऱ्यानं शेअरचे पैसे दिले म्हणून. म्हणजे यार्डात थंडीत कुडकुडत बसलेला सभासद हा कागदोपत्री आमचा मालक. पण मालकाला कारखाना का थांबलाय हे सांगायला कुणी जात नाही, हाच रिवाज.

पहाटे पाचला साहेब मला घेऊन यार्डात गेले. भोंगा ऐकून लोक जागे झालेले. ठिकठिकाणी शेकोट्या, बैल वाढं खात उभे. तोडणीच्या टोळ्या बीडकडच्या, काही जतच्या. गाडीखाली गोधडीत झोपलेली लहान पोरं. साहेब एका बैलगाडीच्या जुवाला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "बॉयलरात पाणी कमी झालं, म्हणून आम्ही बंद केला. चूक आमची आहे. दुसऱ्या बॉयलरवर निम्मा कारखाना दुपारपर्यंत चालू करतो. आधी बैलगाड्या घेणार, जनावरं उभी आहेत. ट्रॅक्टरवाल्यांनी आजचा भरवसा धरू नका."

ट्रॅक्टरवाले खवळले, साहजिकच होतं. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं ते अवघड होतं. "ऊस वाळणार. वजन घटणार. ते कोण भरून देणार?"

मी साहेबांकडं बघितलं. अशा वेळी 'बघू', 'वर कळवतो' असं म्हणून माणूस सुटतो. मी तेच म्हणालो असतो.

"ते माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले. "आठच्या मीटिंगला विचारतो. दहाला येऊन तुम्हाला सांगतो. नाही म्हणाले तरी येऊन सांगतो."

मीटिंगमध्ये नाही म्हणाले. दहाला पाच कमी असताना साहेब यार्डाकडं निघाले. मी म्हटलं, साहेब, रात्रभर जागे आहात, मी जातो. ते म्हणाले, "शब्द मी दिलाय." यार्डात त्यांना लोकांनी बरंच सुनावलं. ते ऐकत उभे राहिले. म्हातारा मात्र काही बोलला नाही. त्यानं चंचीतनं पान काढलं, चुना लावला आणि साहेबांपुढं धरलं. साहेब पान खात नव्हते. त्यांनी ते घेतलं.

बॉयलर थंड व्हायला दीड दिवस लागला. आत माणूस घालून नळी न नळी तपासली, पाण्याचा दाब देऊन हायड्रो टेस्ट घेतली. एकही नळी फुगली नव्हती. ट्रिपला वेगळा सिग्नल बसवला. हेल्परनं पुढं बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली, आता दुसऱ्या कारखान्यात कायम आहे.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, गाळप संपलं, ऑफ सीझनची कामं निघाली. एका दुपारी फायरमन मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. पाठीमागं पेन्सिलीनं अकरा कलमं लिहिलेली: कुठला व्हॉल्व्ह जड फिरतो, कुठल्या पंपाचा आवाज बदललाय, कुठं इन्शुलेशनखाली ओल दिसते. "काय काय नसंलबी," ते म्हणाले. "पर वाटलं ते लिवलंय."

मी खुर्ची पुढं ओढून त्यांना बसवलं आणि पहिल्या कलमापासून विचारायला लागलो. अकरापैकी चार ठिकाणी उघडून बघितलं तर काहीच नव्हतं. सात ठिकाणी होतं.