वहीतला फाल्गुन: सावर, पळस आणि पुढे रहाड

थंडी ओसरली तशी चित्रांच्या वहीतली पानंही बदलली. हिवाळाभर नाशिकचा धुक्यातला गोदाघाट चालू होता, म्हणजे सगळा राखाडी-निळा कारभार. आता त्र्यंबक रस्त्याला काटेसावर आणि पेठ रस्त्याला पळस.

सावर तशी सोपी. फांद्या जवळजवळ आडव्या, मजल्यावर मजले चढवल्यासारख्या, पान एकही नाही. पेन्सिल न लावता थेट पेनने उतरते. वर साळुंक्या फुकट मिळतात, फक्त क्षणभर स्वस्थ बसतील तर शपथ.

खरा वेळ गेला तो पळसात. लांबून झाड पेटलेलं दिसतं म्हणून नुसता केशरी थापला, तर वहीत ते भगव्या फडक्यासारखं दिसतं. हाताशी आलेल्या फांदीवरचं एकच फूल घेऊन बसलं की गंमत कळते. देठाकडची वाटी काळपट तपकिरी, अगदी मखमली; तो काळा आहे म्हणून केशरी उठतो. खालची पाकळी चोचीसारखी वळलेली, आणि पाकळ्यांवर बाहेरून बारीक चंदेरी लव. तिरप्या उन्हात तिची कड पांढरी चमकते. तेवढा कागद कोराच सोडायचा.

सध्या बसलेली पद्धत अशी: आधी गॅम्बोज (पिवळा), तो ओला असतानाच टोकाशी व्हर्मिलियन (शेंदरी लाल) सोडायचा आणि ब्रश उचलायचा. परत ढवळलं की मातकट झालंच म्हणून समजा. वाटीसाठी बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). ट्यूबमधला तयार काळा फारच मेलेला दिसतो. हवा कोरडी आहे, दहा-अकरानंतर वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, पसरायच्या आत वाळतो. म्हणून सकाळी लवकर, आणि एका वेळी एकच गुच्छ ओला. कागद जाड, ३०० जीएसएमचा असेल तर उत्तम, पातळ पान फुगून पापड होतं.

आता रंगपंचमी. जुन्या नाशकातल्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी त्या दिवशी उघडतात. एरवी हे रंगाच्या पाण्याचे दगडी हौद रस्त्याखाली बुजवलेले असतात. त्यात धप्पा मारणाऱ्याची, म्हणजे रहाडीत झेपावणाऱ्याची उडी पकडायची आहे. जलरंग तिथे न्यायचेच नाहीत. बॉलपेन, छोटी वही, वरून प्लास्टिकची पिशवी. पाठ आणि दुमडलेले गुडघे एवढी रेघ मिळाली तरी पुष्कळ, गर्दी नंतर घरी.

तिवंधा चौकातल्या रहाडीजवळ कुणाच्या ओळखीत गच्ची असेल तर सांगा. काठावर उभं राहून वही कोरडी राहायची नाही.