दुएरोकाठची तुरट लाल वाईन

निफाडजवळ द्राक्षाच्या मंडपाखाली वाढले, त्यामुळे इथे स्पेनमध्ये द्राक्षाचा वेल पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो वेल वाटेचना. मंडप नाही, तारा नाहीत. गुडघ्याएवढं पिळदार खोड आणि वर पेल्यासारख्या उघडलेल्या चार फांद्या. जुन्या बागांतल्या या पद्धतीला 'वासो' म्हणतात, वासो म्हणजे पेला.

मी बुर्गोसला राहते. गाडीने तासाभराच्या आत आरांदा दे दुएरो हे दुएरो नदीकाठचं गाव येतं, रिबेरा देल दुएरो या वाईनच्या पट्ट्याचा गाभाच. पट्ट्याला अधिकृत दर्जा १९८२ साली मिळाला, द्राक्षं मात्र शतकानुशतकांची. वाण तेम्प्रानियो, पण इथले लोक त्याला 'तिंतो फिनो' म्हणतात. जमीन समुद्रसपाटीपासून साधारण ७५० ते ९०० मीटर उंच, काही बागा त्याहूनही वर. 'नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक' अशी इकडची म्हणच आहे. दिवसाच्या उन्हाने साखर भरते, गार रात्री आंबटपणा टिकवतात आणि साल जाड होते. रंग आणि तुरटपणा त्या सालीतलाच. अल्कोहोल बहुधा १४ टक्क्यांच्या पुढे.

बाबांना फोनवर सांगितलं की नियमाने हेक्टरी ७,००० किलोंच्या वर द्राक्ष घेता येत नाही. एकरी तीन टनही नाही! ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "थंडीचं काय?" शेतकऱ्याचा प्रश्न. आपल्याकडे गारपिटीची धास्ती, इथे मे महिन्यातल्या एखाद्या रात्रीची. पारा शून्याखाली गेला की कोवळे फुटवे करपतात. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी चालू असते तेव्हा इथे द्राक्षतोड चालते.

आरांद्याच्या जुन्या वस्तीखाली मध्ययुगापासून खोदलेली तळघरं आहेत, दहाएक मीटर खोल. वर जुलै तापत असताना खाली अंगावर काटा येतो. त्या गारव्यात वाईन मुरवली जायची.

आणि वर, लाकडाच्या भट्टीत, लेचाथो. फक्त आईच्या दुधावर वाढलेलं, ३५ दिवसांच्या आतलं कोकरू. मातीच्या पसरट भांड्यात, पाणी आणि मीठ, बस. मसाला नाही हे मला पटायला वेळ लागला. कातडी पापडासारखी कुरकुरीत, आत मांस चमच्याने सुटतं. घास तोंडात असताना वाईनचा घोट घेतला आणि कोडं सुटलं. नुसती प्यायले होते तेव्हा कच्च्या जांभळासारखी जीभ आवळली होती. चरबी आणि मिठासोबत तोच तुरटपणा मऊ झाला, आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. सोबत लेट्यूस-कांद्याची सॅलड आणि चपटी 'तोर्ता' रोटी.

घरी आल्यावर मी हीच वाईन मटण सुक्क्यासोबत उघडली. जमलं नाही. तिखटाने अल्कोहोल जास्त जाळतं आणि तुरटपणा कडू होतो. दोघांपैकी कुणाचाच दोष नाही, पण एका ताटात नकोत. बुर्गोसची भात घातलेली मोर्सिया, म्हणजे डुकराच्या रक्ताचं सॉसेज, मेंढीच्या दुधाचं मुरलेलं चीज, शरद ऋतूत जंगलातल्या अळंब्या, यांच्याशी तिचं छान जुळतं. शाकाहारी मैत्रिणींसाठी मी वांगं विस्तवावर भाजते, मिरचीऐवजी लसूण, मीठ आणि भरपूर ऑलिव्ह तेल. तेही चालतं.

बाटली अर्धा-एक तास आधी उघडा आणि १६ ते १८ अंशांवर ठेवा. आपल्या घरातल्या उन्हाळ्यात ती फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवावीच लागेल, गरम झाली की अल्कोहोलच नाकात जातो.

डिसेंबरात घरी येतेय, एक 'रेसेर्वा' घेऊन. तीन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. आईला सांगून ठेवलंय, त्या दिवशी मटणाला फक्त मीठ आणि चूल. ती म्हणाली, "निदान आलं तरी लावू दे." तेवढं लावू.