आईला घेऊन व्हिएतनाम: हनोईचे रस्ते आणि 'मी सोन'चा महादेव

हनोईत पहिल्या सकाळी हॉटेलमधून बाहेर पडलो आणि समोरचा रस्ताच ओलांडता येईना. मी परळची, दादरच्या फुलबाजारातून लहानपणापासून वाट काढत आलेय, तरी पाच-दहा मिनिटं आईचा हात धरून फुटपाथवर उभी. नुसत्या बाईक, आणि त्या थांबतच नाहीत. आपण मुंबईत काय करतो, गाडी आली की थांबायचं, गॅप दिसली की पळायचं. तिथे नेमकं हेच करायचं नाही. शेवटी रिसेप्शनवरची मुलगी बाहेर आली, आईचं कोपर धरलं आणि सरळ त्या गर्दीत उतरली, एका चालीने, ना हळू ना घाई, आणि बाईकवाले दोन्ही बाजूंनी वळून निघत राहिले. पलीकडे पोचल्यावर आई म्हणाली, "अगं, ते सगळे आपल्या पायांकडे बघून अंदाज घेत होते, मधेच थांबलो असतो तर धडकले असते." तेच खरं आहे. चाल बदलायची नाही, मागे फिरायचं नाही. फक्त कार आणि बस असेल तर तिला जाऊ द्या, त्या अशा वळत नाहीत.

आम्ही दोघीच गेलो होतो, मार्चच्या सुरुवातीला, आठ दिवस. मुंबईहून हनोईला डायरेक्ट फ्लाईट आहे, साधारण पाच तास, आणि घड्याळ दीड तास पुढे. जाणाऱ्यांनी सगळ्यात आधी ई-व्हिसाकडे बघा. सिंगल एन्ट्रीचे २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत मिळतो, पण फॉर्म व्हिएतनामच्या सरकारी साईटवरच भरा. सर्च केल्यावर वर येते ती साईट सरकारी असेलच असं नाही, मी आईचा फॉर्म घाईत अशाच एकीवर भरला आणि जवळजवळ तिप्पट पैसे गेले. नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच्या तसं टाका, स्पेलिंगमधलं एक अक्षरसुद्धा महत्त्वाचं आहे. निदान दोन-तीन आठवडे आधी करा आणि प्रिंट जवळ ठेवा.

पैशांचं नीट समजून घ्या. आपला एक रुपया म्हणजे ढोबळ ३०० डाँग, त्यामुळे आकडे ऐकून आधी छाती दडपते. मी शेवटचे तीन शून्य काढून उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचे, थोडे जास्तच येतात पण हिशोब सुटतो. आता महत्त्वाचं, २० हजारची नोट निळी आणि ५ लाखाचीही निळसर. म्हणजे सत्तर रुपये आणि सतराशे रुपये, संध्याकाळच्या उजेडात पटकन कळत नाही. आईने संत्री घेतली आणि २० हजार म्हणून ५ लाखाची नोट दिली. टोपलीवाल्या बाईने नोट परत आईच्या हातात ठेवली, तिची पर्स उघडायला लावली आणि स्वतः बोट ठेवून बरोबर नोट दाखवली. एक शब्द दोघींना एकमेकींचा कळत नव्हता. त्यानंतर आईने मोठ्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवल्या, तुम्हीही तसंच करा. डॉलर नेलेत तर कोरे करकरीत न्या, घडी पडलेल्या नोटांना कटकट करतात.

जेवण. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही, आणि निघायच्या आधी माझी सगळी काळजी हीच होती. तिकडे भाजीतसुद्धा न्योक माम, म्हणजे माशाचा सॉस, पडतो, त्यामुळे नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही. एकच शब्द पाठ करा, चाय. त्यांच्याकडे चाय म्हणजे शाकाहारी, बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेचदा हेच खातात, म्हणून 'क्वान चाय' अशी पाटी असलेली छोटी खानावळ गल्लीबोळात सापडते. "तोय आन चाय" म्हणायचं, मी शाकाहारी खाते. तिसऱ्या दिवसापासून आई माझ्या आधीच बोलायला लागली. टोफू, मशरूम, हिरवा पाला भरपूर आणि लिंबू पिळलेलं गरम सूप, ती मनापासून जेवली. तरी मेतकूट आणि थेपले नेले होते ते प्रवासात कामी आले. एक अडचण मात्र आहे, फुटपाथवरची स्टुलं अगदी वीतभर उंचीची असतात, गुडघ्याचा त्रास असेल तर आत टेबल-खुर्ची असलेलं ठिकाण बघा.

मी अंड्याची कॉफी प्यायले, ती १९४६ मध्ये दूध मिळेना म्हणून हनोईतच निघाली, वर बलकाचा घट्ट पिवळा फेस आणि खाली कडक कॉफी. प्याच. हो ची मिन्ह यांची समाधी बघायची असेल तर सकाळीच जा, सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, गुडघे-खांदे झाकलेले हवेत. मार्चमध्ये हनोईत दिवसभर बारीक भुरभुर असते आणि गारठा जाणवतो, आपल्या उन्हाळ्याच्या हिशोबाने कपडे नेऊ नका, स्वेटर हवाच.

पण मला खरं सांगायचंय ते 'मी सोन' नावाच्या जागेबद्दल. मध्य व्हिएतनाममधल्या दा नांगला विमानाने गेलो, मुक्काम होई आनला केला आणि तिथून साधारण ४० किलोमीटरवर डोंगरांच्या खोबणीत ही देवळं आहेत. चाम राजांची, म्हणजे तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची, चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधत गेलेली, त्यातली बरीचशी शंकराची. राजा भद्रवर्मन, देव भद्रेश्वर, शिलालेख संस्कृतमध्ये. आईला मी हे आधी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. सकाळी साडेसातला पोचलो, गर्दी नव्हती, लाल विटांचे बुरूज, सांध्यात चुना दिसतच नाही, विटांच्या फटींतून गवत. एका पडक्या गाभाऱ्याच्या दाराशी आईने चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. आत योनीपीठ होतं, ती हात न लावता तिथेच उभी राहिली आणि हळू आवाजात ओम नमः शिवाय म्हणाली. बाजूलाच जमिनीत मोठे खड्डे आहेत, आता गवताने भरलेत, ते अमेरिकेच्या बॉम्बचे, १९६९ मध्ये सगळ्यात मोठा बुरूज त्यात गेला. डागडुजीचं बरंच काम आपल्या पुरातत्त्व खात्याने केलंय आणि २०२० मध्ये त्यांनाच तिथे नवव्या शतकातलं अख्खं शिवलिंग सापडलं. दर्शन झाल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "इतक्या लांब कोण घेऊन आलं असेल गं देवाला?"

इथे जायचं असेल तर टूर बसच्या आधी पोचा, दहानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही. तिकीट आम्ही गेलो तेव्हा दीड लाख डाँग होतं, आतली बॅटरी गाडी त्यातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र या भागात पाऊस आणि पूर असतात, दिवाळीच्या सुट्टीत होई आन ठरवू नका. दा नांगला चाम शिल्पांचं म्युझियम आहे, तिथे गणपतीही आहेत, शक्यतो मी सोनच्या नंतर बघा म्हणजे मूर्ती कुठून आल्या ते डोळ्यासमोर येतं.

होई आनला शेवटच्या संध्याकाळी जपानी पुलाजवळ उभे होतो, कंदील लागत होते. आईने पाकिटातून २० हजारची नोट काढली, उजेडात धरली आणि मला हलवून दाखवली. नोटेवर तोच पूल छापलाय. ती नोट तिने खर्च केली नाही.