एम.ए. अर्थशास्त्र: फायनान्सचा पेपर आणि सोयाबीनच्या भावाचा प्रकल्प

मराठी माध्यमातून बी.ए. करून एम.ए. अर्थशास्त्राला आलं की सगळे गणिताला घाबरतात. मला जास्त अडवलं ते शब्दांनी. समवृत्ती वक्र, लवचिकता, सीमांत उपयोगिता हे आधी शिकलेलंच होतं, पण संदर्भपुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे ओळखीची गोष्टही परकी वाटायची. मी एका वहीत मराठी संज्ञा, तिच्यासमोर इंग्रजी संज्ञा आणि खाली आकड्यांचं एक उदाहरण असं लिहीत गेलो. त्यातलं उदाहरण सोडलं तर नुसती यादी काही कामाची नाही. गणितात लघुगणक, अवकलन, आंशिक अवकलन आणि लॅग्रांजची रीत (अट सांभाळून कमाल-किमान काढायची) एवढं पहिल्या दोन महिन्यांत पक्कं केलं की पहिल्या सेमिस्टरचं सूक्ष्म अर्थशास्त्र निघतं.

फायनान्समध्ये बहुतेकांचे गुण वर्तमान मूल्याच्या, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायच्या, गणितात जातात. समजा, ठिबकवर १,००,००० रुपये घातले आणि पाच वर्षं दरसाल ३०,००० रुपयांचा फायदा झाला. बेरीज दीड लाख येते, म्हणून सौदा फायद्याचा दिसतो. १२ टक्के दरानं त्या पाच रकमांचं आजचं मूल्य १,०८,१४३ रुपये भरतं, म्हणजे निव्वळ ८,१४३ रुपये हाती. दर १६ टक्के धरला तर तेच ९८,२२९ रुपयांवर येतं आणि प्रकल्प तोट्यात जातो. अंतर्गत परतावा दर, म्हणजे ज्या दराला नफाही नाही आणि तोटाही नाही तो, १५.२ टक्क्यांच्या आसपास. हे एकदा हातानं सोडवावंच, कारण एक्सेलमध्ये एक खोच आहे: तिथलं एनपीव्हीचं (निव्वळ वर्तमान मूल्याचं) सूत्र पहिली रक्कमही वर्षअखेरीची धरतं. सुरुवातीचा खर्च त्याच कंसात टाकला तर ८,१४३ ऐवजी ७,२७१ येतात. तो खर्च सूत्राबाहेर, वेगळा वजा करायचा.

फ्लॅट व्याजाचंही असंच. लाखाचं कर्ज, १२ टक्के फ्लॅट, बारा हप्ते. व्याज १२,०००, हप्ता ९,३३३ रुपये. मुद्दल तर महिन्यागणिक फिटत जातं, पण व्याज पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांजवळ जातो. बचत गटाचं महिना दोन टक्के, घटत्या शिलकीवर, म्हणजे वर्षाला २४ टक्के. कानाला १२ आणि २४ मध्ये दुपटीचा फरक वाटतो, प्रत्यक्षात तो अडीच टक्क्यांचा आहे. आपल्याकडे गावोगाव बचत गट असताना हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रोख्यांच्या प्रकरणात एकच नातं धरून ठेवलं: बाजारातला व्याजदर वाढला की जुन्या रोख्याची किंमत उतरते. १,००० रुपयांचा, ८ टक्क्यांचा, दहा वर्षांचा रोखा बाजारदर ९ टक्के झाल्यावर ९३५.८२ रुपयांना येतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्रकल्पानं. विषय होता लातूरच्या बाजारातली सोयाबीनची आवक आणि भाव. सुरुवातीला वायदेबाजाराशी तुलना करायचं डोक्यात होतं. पण सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे स्थगित केले, पुढे मुदत वाढत गेली, त्यामुळे त्यानंतरची मालिकाच तुटलेली. विषय नोंदवण्याआधी आकडे कोणत्या तारखेपर्यंत मिळतात हे पाहावं.

अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात, क्विंटलला. तिसरा घ्यायचा. बाजार बंद असलेल्या दिवसांची जागा मोकळी ठेवायची. तिथे शून्य पडलं की महिन्याची सरासरी खाली येते आणि चूक डोळ्याला दिसतही नाही. महागाई काढून टाकायची तर घाऊक किंमत निर्देशांकानं भागायचं, पण त्याचं आधारवर्ष २०१७ मध्ये २००४-०५ वरून २०११-१२ वर आलं. दोन्ही मालिका लागतील तर नव्या आकड्याला १.५६१ या जोडगुणकानं गुणून जुन्याशी जुळवावं लागतं. हे राहिलं की निर्देशांक मधेच खाली येतो, त्यानं भागलेला भाव आलेखात उसळी घेतो आणि आपण त्याला तेजी समजतो.

हंगामासाठी महिन्यांचे डमी (तो महिना असेल तर १, नसेल तर ०) लावताना बाराच्या बारा टाकले तर स्थिरांकाशी गुंता होऊन सॉफ्टवेअर एक गाळतं किंवा अडतं. अकराच टाकायचे. ग्रेटल हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. वाढत जाणाऱ्या दोन मालिका थेट रिग्रेशनमध्ये (एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात) एकमेकींवर चालवल्या तर आर-वर्ग, म्हणजे अंदाज किती जुळला याचं माप, ०.९ च्या वर जाऊन आनंद होतो. सोबतचा डर्बिन-वॉटसन (लागोपाठच्या चुका एकमेकींशी जोडलेल्या आहेत का हे सांगणारा आकडा) अगदी खाली असेल तर तो आनंद फसवा आहे. आधी एकक मूळ चाचणी, म्हणजे मालिका ठरावीक पातळीभोवती राहते की भरकटत जाते याची तपासणी, मग गरजेप्रमाणे लागोपाठच्या आकड्यांतला फरक घेऊन रिग्रेशन.

याहून अवघड प्रश्न आकड्यांच्या पलीकडचा होता. आवक वाढली की भाव पडतो, हे खरं. पण भाव पडला की ज्याला जमतं तो शेतकरी माल घरात ठेवतो, म्हणून आवकच कमी होते. दोन्ही बाजूंनी ओढ असताना साध्या रिग्रेशनचा गुणांक कारण सांगत नाही. खरिपाचा पाऊस साधन म्हणून, म्हणजे आवक हलवणारी पण भावाला थेट न हलवणारी गोष्ट म्हणून, वापरून द्विस्तरीय पद्धत (आधी पावसावरून आवक, मग त्या आवकेवरून भाव) करता येते, पण पावसाचा आकडा वर्षाला एकच, आणि माझी वर्षं मोजकी, त्यामुळे साधन कमकुवत पडलं. मी निष्कर्षात ‘परिणाम’ शब्द काढून ‘संबंध’ लिहिला आणि तसं करण्याचं कारण एका परिच्छेदात दिलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तोच परिच्छेद उघडला.