साडेबारा

गेल्या वर्षी आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. बोट टोचलं, रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला, आणि तो बुडेचना. तरंगत राहिला. "ताई, हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली आहे, तुमचं नाही घेता येणार." आमचे हे तोवर रक्त देऊन कॉफी-बिस्किटांपर्यंत पोचले होते.

दीड वर्ष मी दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे जात होते. स्टेशनचा जिना मधे थांबून चढायचे. आधी वजनकाटा, मग बोलणं. ६८ किलो, उंची पाच फूट दोन, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २७.४. आपल्याकडे पंचविसाच्या वर लठ्ठपणात धरतात. "वजन कमी करा, भात बंद." केला इमानाने. रात्री काकडी आणि ताक. आणखी गळून गेले, तर म्हणे डाएटमध्ये थोडं होतंच. रक्त तपासू या, असं कुणी म्हटलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. वजन वाढलं म्हणजे आपलंच काहीतरी चुकलंय, हे डोक्यात पक्कं होतं.

शिबिरानंतर रक्त तपासलं, रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.४, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ६. नव्या डॉक्टरबाईंनी काट्याकडे बघितलंही नाही. "पाळी किती दिवस? पॅड किती तासांनी बदलता?" आठ दिवस, दोन तासांनी. सोनोग्राफीत फायब्रॉइड निघालं, गर्भाशयातली साधी गाठ. रक्तस्राव आटोक्यात आणायला गोळ्या, जोडीला लोहाच्या.

या बीएमआयबद्दल नंतर वाचलं. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं, तेव्हा सात हजारांवर माणसांची मापं तपासली होती. सगळे पुरुष. आणि आपल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय, पुरुषांत २५ टक्के. म्हणजे काटा दवाखान्यात शिरल्या शिरल्या, आणि ज्यात निम्म्याहून जास्त बायका नापास, ती तपासणी शिबिरात फुकट होती म्हणून झाली!

गोळ्यांनी पोट बिघडलं, शौचाला काळं. जेवणावर लगेच चहा नाही, हे सगळ्यात जड गेलं. मी सगळ्यांच्या शेवटी, उभ्यानेच जेवायचे. तव्यावरची तुटकी पोळी आणि पातेल्याला लागलेली भाजी. सासूबाईही तशाच जेवत आल्या. मी ताट वाढून सगळ्यांबरोबर बसायला लागले, तर पहिले आठ दिवस घर अवघडलेलं. गरम पोळी कोण वाढणार? ज्याचं त्याने घ्यायचं ठरलं. कुणी उपाशी राहिलं नाही.

जांभळी नाक्यावरून पाव किलो अळीव आणले. सासूबाई चमकल्या. "अगं, कोण बाळंत झालं?"

"कुणी नाही, आई. मलाच हवेत."

त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी बघते तर अळीव नारळाच्या पाण्यात भिजलेले, शेजारी गूळ चिरलेला. लाडू त्यांनीच वळले. दोन बाळंतपणं सोडली, तर त्यांनी स्वतः ते कधी खाल्ले नव्हते. आता डब्यातून रोज दोन कमी होतात.

हिमोग्लोबिन महिन्याने १०.१, चौथ्या महिन्यात १२.९. गोळ्या त्यानंतरही तीन महिने, साठा भरून काढायला. भात परत सुरू झाला होता.

यंदा डॉक्टरबाईंना विचारून शिबिरात गेले. थेंब सरळ तळाला. मग काटा आलाच. ७०. मी सवयीने पोट आत घेतलं. त्या पोराला पंचेचाळीसच्या वर आहे, एवढंच बघायचं होतं. "बाही वर करा, ताई."