माचाकोसच्या उतारावरची तूर

मसाई मारात चार दिवस होतो, सिंह दिसले. लिहायचंय ते मात्र केनियातल्याच माचाकोसबद्दल.

नैरोबीपासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर. पण मटाटू, म्हणजे तिथली खासगी मिनीबस, गच्च भरल्याशिवाय हलत नाही आणि आमचा भरायला दीड तास लागला. जुलैतली थंडी, पुढच्या सीटवर आदळणारे गुडघे. पार वैतागलो होतो. इव्हेटी टेकड्यांशी उतरलो तर समोरचा अख्खा उतार पायऱ्या-पायऱ्यांचा, बांधाबांधावर हत्ती गवत, आणि वाळत्या मक्यात चक्क तूर! आपली तूर, ओल्या शेंगांनी लगडलेली.

ज्यांच्या घरी गेलो त्या सत्तरीच्या. इथल्या काम्बा लोकांच्या भाषेत आजीला सुसू म्हणतात, नात दुभाषी. सुसूंनी चहाआधी जेम्बे हातात दिलं, म्हणजे रुंद पात्याची कुदळ. इथल्या पद्धतीचं नाव ‘फान्या जूऊ’. उताराला आडवा चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला फेकायची. आपण समतल चराची माती खाली टाकतो, ती सोपी पडते. इथे पावसागणिक वाहून आलेली माती बांधाशी अडते आणि काही वर्षांत पट्टा सपाट होतो. दहा-बारा वेळा माती वर फेकली आणि माझे खांदे भरून आले. सुसूंनी असे सहा पट्टे काढलेत. नवरा तेव्हा नोकरीला नैरोबीत, त्यामुळे खणायला बायकाच. आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. याला त्या ‘म्वेथ्या’ म्हणतात. “अहो, ही तर सावड!” मी मराठीतच बोलून गेलो.

१९३०च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी हा मुलूख माणसं आणि गुरं फार झाल्याने वाया गेला असं ठरवून टाकलं होतं. गुरं सक्तीने विकायला लावली, तेव्हा १९३८ साली मुइंदी म्बिंगू या पुढाऱ्याच्या मागे काम्बा लोक थेट नैरोबीला जाऊन बसले. त्या दशकाच्या सुरुवातीला जिल्ह्यात अडीच लाख माणसंही नव्हती. १९८९ मध्ये ती चौदा लाखांच्या घरात गेली, आणि धूप उलट कमी झालेली! रान कमी पडलं तसं शेणखत मोलाचं झालं, गुरं गोठ्यात आली. कॉफी, आंबा, भाजी घ्यायला नैरोबीचा बाजार होता आणि शहरातला पगार बांधबंदिस्तीत मुरला. गर्दीला दोष देणाऱ्यांनी हा उतार एकदा चढून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

तरी काळजी आहेच. सुसूंना चार मुलगे, वाटण्या झाल्यावर एकेकाला एकरभरही नाही.

जेवायला कांडून साल काढलेला मका आणि ओली तूर. सुसूंनी विचारलं, “तुमच्याकडे वाटण्या झाल्या की बांध कोण राखतं?”

माझ्या वडिलांचा आणि काकांचा एका बांधावरून नऊ वर्षं कज्जा चालला. मधल्या काळात तो बांध फुटला आणि कुणीच घातला नाही. नातीला मी एवढंच सांगितलं, “आमच्याकडेही तूर होते म्हणावं.”