अकरा फॉर्मे आणि एक टॅब

छपाईच्या आदल्या दुपारी लॅपटॉप बंद पडला. १७६ पानांचं शेवटचं प्रूफ वाचायचं होतं, म्हणजे सोळा पानी अकरा फॉर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फॉर्मा), आणि जवळ फक्त टॅब.

तोवर मी टॅबवर नुसतं वाचायचे. त्या दिवशी कळलं की प्रूफासाठी याच्याइतकी चांगली पाटी नाही. उभा धरला की अख्खं पान कागदासारखं समोर. दोन बोटांनी मोठं केलं की रफार कुठल्या अक्षरावर बसलाय, अनुस्वार वेलांटीत लपलाय का, लगेच दिसतं. पेन चालू असताना तळहात काचेवर टेकला तरी रेघ उमटत नाही. अर्ध्या पडद्यावर जुनं प्रूफ, अर्ध्यावर नवं. काकपद, म्हणजे राहिलेलं अक्षर घालायची खूण, वगळल्याची खूण, समासात दुरुस्ती. कागदावर चालायचा तसाच हात चालला.

पाठवताना मात्र फाइल अर्ध्यावर असताना मी दुसरं ॲप उघडलं आणि ती थांबली. मागे गेलेल्या ॲपला टॅब फार वेळ चालू देत नाही.

रात्री मांडणी करणाऱ्या दादांचा फोन आला. "ताई, खुणा सगळ्या दिसतायत, पण एकही आपोआप घेता येत नाहीये."

पीडीएफमध्ये मजकूर निवडून तो खोडला, बदली शब्द टाइप केला, तर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत ती दुरुस्ती थेट उचलता येते. पेनाची खूण म्हणजे नुसतं चित्र. माझ्या तीनशेवर दुरुस्त्या दादांनी एकेक वाचून हातानं टाइप केल्या. त्यात माझा 'धन' त्यांना 'घन' दिसला. तो तसाच छापला गेला, पान ९३.

दोष मी त्यांना देत नाही. अक्षर माझं होतं. पण दुरुस्त्या घेतल्यावर त्या पडताळायला एक दिवसही ठेवायचा नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड, तिचा मला मनापासून राग आहे. टॅब विकणारे कीबोर्ड आणि वेग दाखवतात. केलेलं काम पुढच्या माणसाच्या हाती कसं पोचतं, हे कोणी दाखवत नाही.

आता शब्दांच्या दुरुस्त्या मी टाइप करते, पेन फक्त मांडणीच्या खुणांना. वेग निम्म्यावर आलाय. आणि टाइप करताना नजर ओळीवरून उठते, तेवढ्यात पुढची चूक निसटते का, हे मला अजून कळलेलं नाही.